त्या रक्ताचं काय झालं?

१९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणारा एक जीवघेणा रक्तक्षय तिला समजून घ्यायचा होता. रक्त कमी म्हणजे लोह कमी, असा तेव्हाचा ठोकताळा. पण लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात. या बायकांच्या पेशी संख्येनं थोड्या आणि आकारानं फुगलेल्या होत्या. विल्सनं आधी जंतूचा संशय धरला. तो फिटल्यावर ती त्यांच्या जेवणाकडे वळली. प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर तिनं यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त, काळा, चिकट पदार्थ या बायकांना दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिनं हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. मार्माइटमध्ये नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि त्याला फॉलिक अॅसिड हे नाव मिळालं. पुढे ५० वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या पुढाकारानं झालेल्या एका मोठ्या चाचणीनं दाखवलं की गर्भ राहण्याच्या आधीपासून ही गोळी घेतली तर बाळाच्या मेंदूतले आणि मणक्यातले जन्मजात दोष बऱ्याच अंशी टळतात. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते. पाळी चुकल्याचं आईच्या ध्यानात येतं न येतं, तोवर ते काम उरकलेलं असतं.

मी मुंबईतच डॉक्टर झालो. फॉलिक अॅसिडची मात्रा तोंडपाठ होती, परीक्षेत लिहिलीही. पण ज्यांच्या रक्तावरून ते उमगलं, त्या बायका आमच्या वसतिगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होत्या, हे मला शिकत असताना कुणी सांगितलं नाही. ते मी चाळिशीत, एका जुन्या नियतकालिकात वाचलं आणि फार वेळ पुढचं पान उलटवू शकलो नाही.

त्याचं एक कारण घरचं होतं. साताऱ्याकडच्या माझ्या आजोळी, मी शाळेत असताना, एक संशोधन-पथक आलं होतं. चावडीत टेबल मांडलं, बायकांची रांग लावली, दंडातून रक्त काढून घेतलं, अंगठे उठवले आणि जीप निघून गेली. निकाल कळवू म्हणाले होते. मी डॉक्टर झाल्यावर मामी दर सुट्टीत विचारायची, ‘आरं, त्या रक्ताचं काय झालं रं?’ मला सांगता आलं नाही. ती गेली तोवर सांगता आलं नाही. या पुस्तकाची प्रस्तावना लिहाल का असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, ते तिच्या त्या प्रश्नासाठी.

पुस्तकाचा विषय आहे महाराष्ट्रात झालेलं आरोग्य आणि जीवशास्त्राचं संशोधन. संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि काचेची नळी येते. ते चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. या क्षेत्रात नव्यानं शिरणाऱ्यानं आधी त्याच्या जागा ओळखाव्यात. पहिली जागा रुग्णाची खाट. एखादा डॉक्टर एका रुग्णात काही वेगळं पाहतो, दुसऱ्यात तेच पाहतो आणि केसपेपरवर टिपून ठेवतो. दुसरी जागा प्रयोगशाळा : तिथे ‘काय होतं’ यावरून ‘कसं होतं’ याकडे जाता येतं. तिसरी जागा गाव किंवा वस्ती. दवाखान्यात न येणाऱ्या माणसांना काय होतं हे दवाखान्यात बसून कळत नाही, म्हणून घरोघर जाऊन मोजावं लागतं. एका गटाला उपचार, दुसऱ्याला नेहमीची व्यवस्था, आणि दोन्हींची तुलना, अशी चाचणी खाटेशीही होते आणि गावातही. उरली ती वर्षानुवर्षं चालणारी नोंदवही. आई गरोदर असल्यापासून तिचं मूल मोठं होईपर्यंत त्याच माणसांना पुन्हा पुन्हा मोजत राहायचं, यात फळ दिसायला वीस-तीस वर्षं जातात. आपल्याकडे या साऱ्या जागांवर अव्वल काम झालं आहे. मराठी वाचकाला मात्र त्यातलं फार थोडं ठाऊक आहे, कारण ते सगळं इंग्रजीत छापलं गेलं आणि तिथेच राहिलं.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते, आणि ती सुरुवात सुखाची नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचं निदान केलं. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना सरकारनं तिथे बोलावलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातली जागा आणि हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर ती तपासली गेली. ज्यांनी घेतली आणि ज्यांनी घेतली नाही अशांची तुलना झाली. हाफकिन यांचं धैर्य निर्विवाद आहे. पण कैद्याच्या संमतीला किती अर्थ असतो हा प्रश्न त्या दिवसापासून आपल्या संशोधनाच्या पायाशी बसलेला आहे.

पुढे पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १९०२ मध्ये लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, आणि ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. दरम्यान परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये थाटलेल्या प्रयोगशाळेतून (१९२५ पासून तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट) आणखी एक मोठं काम झालं. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो असं पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं होतं, पण ते फारसं कुणी मानलं नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन आणि त्यांच्यामागोमाग प्लेग संशोधन आयोग यांनी ते पुराव्यानिशी सिद्ध केलं. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले की त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होत. जमिनीवर ठेवलेला प्राणी मरे, पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेला जगे.

हे उत्तर काही वर्षं आधी मिळालं असतं तर? १८९७ मध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून माणसं ओढून नेली, सामान जाळलं. प्लेग अधिकारी रँडच्या खुनापर्यंत ते प्रकरण गेलं. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. शत्रू माणसाच्या अंगात शोधला जात होता आणि तो उंदराच्या अंगावर होता. माझं मत असं, की सरकारी सुईबद्दलचा आपल्या गावांतला जुना संशय अडाणीपणातून आलेला नाही. आपल्याकडे वैद्यकीय संशोधन आणि शिपायाचा बूट एकाच वेळी उंबऱ्यावर आले, आणि लोकांनी दोघांना एकच समजलं. विश्वास हा संशोधनाचा कच्चा माल आहे. तो आपण उधारीवर घेतला आणि फेडायला वेळ लावला.

दुसरा टप्पा देशी माणसांनी उभ्या केलेल्या रुग्णालयांचा. परळचं केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झालं, ते तिथले अध्यापक भारतीयच असावेत या देणगीदारांच्या आग्रहासह. तिथे जे घराणं तयार झालं त्याला मी खाटेचं घराणं म्हणतो. डोळे उघडे, हात रुग्णाच्या नाडीवर आणि खिशात टिपणवही. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशा रक्ताचं वर्णन केलं, जे नेहमीच्या तपासणीत ओ गटाचं वाटतं पण ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा घटकच त्यात नसतो. जगात कुठेही असं रक्त सापडलं तरी त्याला ‘बॉम्बे’ गटच म्हणतात. शहराचं नाव बदललं, रक्ताचं राहिलं.

याच घराण्यातली सर्पगंधेची गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती थेट मेंदूपर्यंत जाते. सर्पगंधेची मुळी वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत. उत्तरेकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते असं लिहिलं, आणि त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातली रसायनं वेगळी केली. केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे शिस्तीनं नोंदलेले परिणाम छापले. तो लेख वाचून पश्चिमेतले डॉक्टर हलले. १९५२ मध्ये बासेलच्या सीबा कंपनीनं त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं केलं. रक्तदाब उतरे, पण काही रुग्ण खिन्न होत, काहींचे हात कंपवातासारखे थरथरत. म्हणजे हे औषध मेंदूत काहीतरी करत होतं. अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेला १९५५ मध्ये दिसलं की ते सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग डोपामाइन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ते कान टवकारून बसले. डोपामाइन हे मेंदूचं स्वतःचं संदेशवाहक रसायन आहे आणि कंपवाताचं मूळ तिथे आहे, हे ज्ञान या वाटेनं आलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं होतं, हे मात्र त्यांच्याच शहरात किती जणांना माहीत आहे?

या गोष्टीवरून ‘सगळं आमच्याकडेच होतं’ असा सूर काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. मुळी वैद्यांची होती, रसायन दिल्लीत निघालं, आकडे परळमध्ये मांडले गेले, शुद्ध औषध स्वित्झर्लंडमध्ये आणि मेंदूचा उलगडा स्वीडनमध्ये झाला. यातला एक दुवा काढला तरी साखळी तुटते. आपला दुवा होता तो मोजण्याचा. परंपरेनं ‘गुण येतो’ म्हटलं होतं. वकील यांनी कुणाला, किती, किती दिवसांत आणि कुणाला नाही, हे लिहिलं. परंपरेचा खरा मान त्यांनी राखला असं मी समजतो.

मेंदूचं संशोधन आपल्याकडे आणखी दोन वाटांनी झालं. एक पुन्हा खाटेचीच. जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया तोल जाणाऱ्या, बोबडं बोलणाऱ्या रुग्णांचे डोळे बारकाईनं पाहत. आपण एका वस्तूवरून दुसरीवर नजर टाकतो तेव्हा डोळा टुणकन उडी मारतो. यांचे डोळे संथ सरकत. घराण्याघराण्यांत हे आढळलं तेव्हा नऊ कुटुंबांचा अभ्यास करून १९७१ मध्ये त्यांनी हा वेगळाच आनुवंशिक आजार असल्याचं ‘ब्रेन’ या नियतकालिकात लिहिलं. त्यामागचं जनुक हाती लागायला १९९६ उजाडलं. त्याच १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे बरे झाल्यावर काही धडधाकट प्रौढांचे पाय लुळे पडले, आणि हा त्याच विषाणूचा मज्जासंस्थेवरचा घाला आहे हे वाडिया यांनी ओळखलं. यंत्रं फारशी नव्हती. जे होतं ते पाहणं होतं.

दुसरी वाट कुलाब्यातली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये ओबैद सिद्दीकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी बारीक फळमाशी हे त्यांचं साधन. सीमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी अशा माश्या शोधल्या ज्या उष्णता वाढली की लुळ्या पडतात आणि थंडावा मिळाला की पुन्हा उडतात. एका जनुकातला बिघाड मज्जातंतूतली वीज कशी अडवतो, हे त्यातून तपासता आलं. त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीला वास आणि चव कशी कळते याचा माग काढला. या घराण्याचा प्रश्न कुणा एका रुग्णाचा नव्हता, तो निव्वळ कुतूहलाचा होता. मामीच्या प्रश्नाशी त्याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. विंचवापाशी आलो की तो संबंध दिसतो.

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंतली सोडियमची दारं उघडी ठेवतं. मज्जासंस्था बेभान होऊन अॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर सोडते. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी साचतं. कोकणात भाताच्या पेंढ्यात हात घालणारा शेतकरी, अनवाणी पोर, रात्री अंगणात निघालेली बाई यांना हे भोगावं लागे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा पाठ्यपुस्तकात विंचवाला दोन ओळी होत्या. ते रात्रभर रुग्णाशेजारी बसून लक्षणं टिपत. १९८२ मध्ये ती टिपणं ‘लॅन्सेट’मध्ये आली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वेळेवर दिली तर रुग्ण वाचतो, हे त्यांनी महाडच्या दवाखान्यात दाखवलं. आधी गंभीर रुग्णांपैकी शंभरात २५ ते ३० जण दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष निघालं तेव्हा पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी ७० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून चाचणी केली आणि प्रतिविष व गोळी मिळून नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरतात हे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं. स्वतःच्या गोळीहून चांगला उपाय निघाल्याचं स्वतःच सिद्ध करणं, हे मला त्यांच्या पहिल्या शोधाइतकंच मोठं वाटतं. इथे प्रश्न रुग्णाच्या उशाशी उपजला आणि उत्तर त्याच उशाशी परतलं. मधलं कोडं सुटायला मात्र मज्जातंतूची वीज समजलेली असावी लागली.

गावाचं घराणं गडचिरोलीत सर्वांत ठळक दिसतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं की त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते, आणि त्यांतल्या बहुतेकींना आजवर कुणी तपासलंच नव्हतं. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धोरणकर्त्यांना दिसत होतं. ज्या बायकांनी हे सोसलं त्यांचं बोलणं राणीताईंनी पुढे ‘कानोसा’त मराठीत आणलं. मग नवजात बाळांचा प्रश्न. बाळ जन्मतं घरात, मरतं घरात, आणि उपचार तालुक्याला. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, त्याला उबेत ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं हे सगळं त्या शिकल्या. थोडं शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन, यावर मोठ्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. ३९ गावांतल्या कामाची ४७ गावांशी तुलना झाली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दिसली. हे १९९९ मध्ये छापलं गेलं. २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी जातात. बंग यांच्या शोधग्राम या केंद्रातल्या दवाखान्याला तिथल्या गोंड लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव आहे. दवाखाना कुणाचा हा प्रश्न तिथे पाटीवरच सुटतो.

पण हे घराणं वादातीत नाही, आणि त्याचं नेहमी गुणगानच होऊ नये. उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठी चाचणी झाली : ५२ गावसमूह, १,३१,७४६ स्त्रिया. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये निष्कर्ष आला की एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते. जगभरच्या धोरणांनी त्याचा आधार घेतला. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना मात्र ही तपासणी मिळाली नव्हती, नेहमीची व्यवस्था तेवढी होती. आणि नेहमीची व्यवस्था म्हणजे खेड्यात काहीच नाही. तुलनेविना सत्य कळलं नसतं, असं एक बाजू म्हणते. जगात तपासणीचे उपाय ठाऊक असताना बायकांना तसंच ठेवायचं का, असं दुसरी. दोन्ही बाजू मी गंभीरपणे घेतो, पण माझं मन एका वेगळ्याच जागी अडतं. चाचणी संपली, उत्तर मिळालं. ती तपासणी आज तरी आपल्या खेड्यापाड्यांतल्या किती बायकांपर्यंत पोचते? बहुतेकींपर्यंत नाही. चाचणीच्या रचनेवर वाद घालणारे आपण या उशिरावर तितके वाद घालत नाही.

नियम सुधारले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं १९८० मध्ये नीतितत्त्वं मांडली आणि पुढे ती अनेकदा वाढवली. २००९ पासून औषधांच्या चाचण्या आधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं झालं. संमतीपत्र मराठीत छापलं जातं. पण त्या मराठीचं काय? ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द ऐकून माझ्या मामीनं अंगठाच उठवला असता, प्रश्न नसता विचारला. या पुस्तकाच्या लेखकांनी शास्त्रीय शब्द टाळले नाहीत, पण प्रत्येक शब्द ओसरीवर बसलेल्या माणसाला सांगता येईल का, हे पाहिलं. कमला सोहोनींसारख्या शास्त्रज्ञ, ज्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, त्या ताडाखाली बसणाऱ्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलल्या असतील, हा विचार हस्तलिखित वाचताना माझ्या मनात होता.

हे सगळं आत्ताच का? २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. विल्सनं ज्या शहरात प्रश्न सोडवायला घेतला, त्याच्या आसपासची ही स्थिती आहे, ९० वर्षांनंतरची. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला विषाणू १९६५ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन संस्थेनं शोधला. तो मुलांच्या मेंदूला सूज आणतो, आणि २००३ मध्ये त्यानं आंध्र आणि महाराष्ट्रात लेकरं नेली, पुढे २०२४ मध्ये गुजरातेत. त्यावर अजून खात्रीचं औषध नाही. आयुर्मान वाढलं, तसे स्मृतिभ्रंश आणि कंपवात घराघरांत येत आहेत, आणि आपल्या म्हाताऱ्यांविषयीची माहिती आपण अजून परदेशी म्हाताऱ्यांवरून ताडतो. करोनाच्या वर्षांत संशोधन हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आला, त्याबरोबर अफवाही. त्या काळात मला सुशिक्षितांचेही फोन आले, आणि बहुतेकांना दोन गटांची तुलना म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. शाळेत गिनीपिगची आणि पिसवांची गोष्ट कुणी सांगितली असती तर ते समजायला दहा मिनिटं पुरली असती.

हे पुस्तक थोरांची चरित्रं नाही, आणि शोधांची यादीही नाही. वाचक एका प्रश्नाचा हात धरून खाटेकडून प्रयोगशाळेत, तिथून गावात आणि जमलं तर परत खाटेशी येईल, अशी त्याची मांडणी आहे. फसलेले प्रयत्न यात आहेत, कारण फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे छापणं हेही संशोधनच. संसर्गरोग, पोषण आणि मेंदू यांवर अधिक पानं गेली. दंतवैद्यक आणि पशुवैद्यक जवळजवळ नाही, त्याची खंत मला आहे. जिथे रुग्णांचं म्हणणं नोंदलेलं सापडलं तिथे ते आधी ठेवलं, शास्त्रज्ञांचं नंतर. असं फार कमी ठिकाणी सापडलं.

पुण्याची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती संपलेली नाही. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, किडकिडीत अशा त्या आया. त्यांची बाळं सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर भरत, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांहून पाऊण किलोनं हलकी. पण कातडीखालची चरबी चिमट्यानं मोजली तर ती त्या मानानं कमी नव्हती. बाळं दिसायला बारीक आणि आतून चरबी राखलेली. भारतीय माणसाला तरुण वयात, फारसा लठ्ठ नसतानाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा आईच्या पोटापर्यंत गेला. मग मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं की ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिक अॅसिडचंच रूप) जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्शुलिनला न जुमानण्याची खूण अधिक होती. विल्सच्या शोधातून आलेली गोळी एकटी देऊन भागत नाही, तिचा जोडीदार ताटात हवा, हे मुंबईपासून काही तासांवरच्या गावांनी सांगितलं.

ती मुलं वयात आली तेव्हा, २०१२ मध्ये, त्यांनाच विचारून त्यांच्यावर पुढची चाचणी सुरू झाली : लग्नाआधीपासून, रोज, बी-१२ची अगदी छोटी मात्रा. त्यांतल्या कित्येकींना आता लेकरं झाली आहेत. आजीला १९९३ मध्ये मोजलं होतं, आईला जन्मल्यापासून मोजत आले, आणि बाळंतपणाच्या वेळी नातवंडाच्या नाळेतलं थोडं रक्त तपासायला घेतलं गेलं.